वाचनालयातली वाईन

बोरीखेडा, ता. राळेगाव
१८ जून २००७

प्रिय अश्वजित,

सप्रेम जय भीम. तू नागपूरले गेला त्याले वर्ष होत आलं. तुह्या बाबाचा अन् तुहा फोन होते म्हणे दर रविवारी. पण फोनवरचं बोलणं हवेत जाते, म्हणून मी पत्र लिहून राह्यली. अन् जे विचाराचं आहे ते कागदावर असलं तर तुलेही नीट पाहता येईल.

आपल्या वाचनालयाले कम्प्युटर भेटला. एका ट्रस्टनं जिल्ह्यातल्या काही वाचनालयांले दिले, त्यात आपलंही नाव निघालं. चौदा वर्षं झाली मी हे वाचनालय सांभाळून राह्यली. दोन कपाटांची नऊ कपाटं झाली, पण कम्प्युटर आला त्या दिवशी जितके लोक उंबऱ्यात उभे राह्यले तितके एकाही पुस्तकासाठी राह्यले नव्हते. असो.

आता कामाचं. कृषी महाविद्यालयाच्या लोकांनी राळेगावच्या मेळाव्यात एक सीडी वाटली, 'कपाशी सोबती' नावाची. तिच्यात पऱ्हाटीवरच्या किडीचे अन् रोगाचे फोटो आहेत म्हणे. कम्प्युटर एकेक प्रश्न विचारते, पान लाल पडलं काय, कडा गुंडाळल्या काय, खोडावर पांढरं दिसते काय. आपण हो-नाही सांगत जायचं, अन् शेवटी तो कीड कोणती अन् फवारा मारायचा की नाही ते सांगते.

इथं काय चालते ते तुले माहीत आहे. पान तोडून दुकानदाराले दाखवायचं अन् तो देईल तो फवाऱ्याचा डब्बा मारायचा. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची जमनी, जी माह्याकडे सही शिकाले येत होती, तिनं मागच्या साली पानं लाल पडली म्हणून तीन वेगवेगळे डब्बे मारले. ती कीड नव्हतीच, जमिनीत कशाची तरी कमी होती. हे तिले समजलं तवा माघ लागला होता. अन् यंदा लोक सांगून राह्यले का पऱ्हाटीवर एक नवीनच पांढरी कीड येऊन राह्यली.

तर सीडी टाकली की आपला कम्प्युटर विचारते, ही फाइल कशानं उघडू? अन् गप बसते. त्याच्यावर 'लिनक्स' लिहलेलं आहे. तू कम्प्युटरचं शिकलेला माणूस, तू सांग काय करू.

तुही आत्या,
विमल

०

नागपूर
२७ जून २००७

आदरणीय आत्यास,

सविनय जय भीम. आपले पत्र मिळाले. मी येथे कुशल आहे. कंपनीने माझ्यावर मुख्य तंत्रज्ञाची जबाबदारी सोपवलेली असल्यामुळे वेळ अत्यंत कमी मिळतो, त्यामुळे उत्तरास विलंब झाला.

आपण विचारलेल्या समस्येबाबत सांगायचे तर आपल्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली आहे आणि सीडीवरील प्रोग्राम विंडोज या दुसऱ्या प्रणालीसाठी बनवलेला आहे. एकावरचे प्रोग्राम दुसऱ्यावर चालत नाहीत. यावर एकच उपाय, लिनक्स काढून विंडोज टाकणे. सोबत विंडोजची एक सीडी पाठवत आहे. सीडीच्या पाकिटावर आकडे लिहिले आहेत, ते विचारल्यावर टाकावेत. सगळेजण हेच करतात, त्यात घाबरण्याचे काही कारण नाही.

आपला,
अश्वजित

०

बोरीखेडा
५ जुलै २००७

प्रिय अश्वजित,

तुही सीडी या पाकिटात परत पाठवून राह्यली. राग मानू नको. पाकिटावर पेनानं लिहलेले आकडे पाह्यले अन् मी समजली का हा माल विकत घेतलेला नाही. आपलं वाचनालय बाबासाहेबांच्या फोटोखाली भरते. तिथं एकही पुस्तक असं नाही ज्याची नोंद मी मान वर करून दाखवू शकत नाही. चोरीचं काही तिथं ठेवाचं नाही, मंग ते कोणाले दिसो का न दिसो.

पण तू म्हणते का एकावरचं दुसऱ्यावर चालत नाही, ते मले पटलं नाही. परवा मी राळेगावले गेलती. तिथं बस स्टँडासमोर इंटरनेटचं दुकान आहे. सोबत इंग्रजीचा शब्दकोश नेला. दुकानवाल्याले म्हटलं, मले फक्त लिहाले जागा दाखव, बाकी मी पाहतो. एकेक शब्द लावत बसली. दोन वेळा लाइट गेली. पण सापडलं. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवाची एक चीज आहे, फुकट भेटते, अन् चोरीचीही नाही. तिचं नाव वाईन.

नाव वाचून मी पहिले दुकानवाल्याकडे पाह्यलं, का हा मले काही भलतं दाखवून तर नाही राह्यला.

मले ते असं समजलं. जमनीची माय तांड्याच्या गोरबोलीशिवाय काही बोलत नाही अन् सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरले गोरबोली येत नाही. जमनी मधात बसते. माय बोलली की ती मराठीत सांगते, डॉक्टर बोलला की गोरबोलीत सांगते. माय काही बदलत नाही, डॉक्टरही बदलत नाही. वाईन म्हणजे ती जमनी. प्रोग्राम विंडोजच्या बोलीत मागते, वाईन तेच लिनक्सच्या बोलीत मागून देते.

इथं ते उतरवून घ्यायले इंटरनेट नाही. तुह्याकडे दिवसभर राहते. माह्या कम्प्युटरचं पुरं नाव अन् नंबर मागच्या पानावर लिहला आहे. त्याले चालेल अशी वाईन एका सीडीत भरून पाठवजो.

तुही आत्या

०

नागपूर
१६ जुलै २००७

आदरणीय आत्यास,

सविनय जय भीम. आपण सांगितलेला प्रोग्राम सोबतच्या सीडीत पाठवत आहे. तथापि एक गोष्ट नमूद करणे माझे कर्तव्य आहे. आमच्या दुकानात आजपर्यंत कोणीही असा प्रकार केलेला नाही. येथील अनुभवी लोकांच्या मते हा वेळेचा अपव्यय आहे. गावातील लोकांसमोर प्रयोग फसल्यास आपल्यालाच बोल लागेल. विचार करावा.

कामाच्या व्यापामुळे अधिक लिहू शकत नाही.

आपला,
अश्वजित

०

बोरीखेडा
२९ जुलै २००७

प्रिय अश्वजित,

तू म्हटलं तसंच झालं. बोल लागला.

वाईन बसली. त्याले तीन दिवस गेले, कारण इथं लाइट सकाळी पाच ते नऊ राहते अन् मंग थेट संध्याकाळी. ती बसली म्हणून मले इतका आनंद झाला का मी घाई केली. वाचनालयाच्या कमिटीचे अध्यक्ष पंजाबराव, त्यायले सांगतलं का रविवारी सकाळी या, 'कपाशी सोबती' पाहाले. ते पंधरा-वीस शेतकरी घेऊन आले. जमनीही आलती, दारापाशी उभी होती. मी सीडी टाकली. प्रोग्राम बसत बसत शेवटाले गेला, सगळे मान लांब करून पाहून राह्यले, अन् मंग एक चौकोन आला अन् सगळं बंद.

कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं. पंजाबराव चांगले माणूस आहेत, पण त्यायच्या कानावर वाईन हा शब्द कोणीतरी घातला होता. ते म्हणाले, "विमलताई, चौदा वर्षं तुम्ही इथं कोणाले बिडी पिऊ दिली नाही, अन् आता वाईन कायले आणली?" मंग सगळे हसले. मीही हसली. पण नंतर कमिटीनं ठरवलं का पोळ्यापर्यंत याचा काही उपयोग झाला नाही तर कम्प्युटर ग्रामपंचायतीत नेऊन ठेवू, तिथं दाखले तरी निघतील.

चौकोनात जे लिहलं होतं ते मी अक्षर न् अक्षर उतरवलं. एक फाइल सापडत नाही म्हणते. तिचं नाव एम एस व्ही बी व्ही एम साठ, टिंब, डी एल एल. ही फाइल काय आहे, कुठं भेटते? तुह्या दुकानात इतके कम्प्युटर येतात, तुले माहीत असंलच. लवकर लिहजो. पोळा अकरा सप्टेंबरचा आहे.

अन् पांढरी कीड आली. अजून जमनीच्या वावराच्या बांधावर, धुऱ्यावरच आहे.

तुही आत्या

०

बोरीखेडा
१४ ऑगस्ट २००७

प्रिय अश्वजित,

तुहं उत्तर आलं नाही. रोज पोस्टमनची सायकल पाह्यली. आठ दिवस वाट पाह्यली अन् मंग वाट पाहणं सोडलं. तुह्यावर राग नाही, पण काळजी आहे. तब्येत बरी आहे ना?

आता ऐक. झालं. प्रोग्राम चालला.

एका सकाळी मी लाइट यायची वाट पाहत पुस्तकांवरचे नंबर पाहून राह्यली होती. कोणी पुस्तक भलत्याच कपाटात ठेवलं तर आपण म्हणत नाही का पुस्तक नाही. आपण एकेक कपाट पाहतो. मनात आलं, फाइल नाही असं कम्प्युटर म्हणते, पण त्यानं सगळी कपाटं पाह्यली काय? लाइट आली तशी सीडी उघडली अन् एकेक फोल्डर पाहत गेली. एकाचं नाव होतं सपोर्ट. त्यात पंचवीसेक फाइली. कागदावर उतरवलेलं नाव बाजूले धरलं अन् एकेक अक्षर जुळवलं. अकरावी फाइल तीच निघाली. सीडी बनवणाऱ्यानं ती दिलती, फक्त योग्य कपाटात ठेवली नव्हती.

वाईन आपल्या आत विंडोजचं एक घर मांडते. सी नावाची खोली, तिच्यात विंडोज, त्याच्यात सिस्टिम बत्तीस. हे घर दिसत नाही, कारण त्याच्या नावाच्या पहिले टिंब आहे, अन् टिंबाचे फोल्डर लिनक्स लपवून ठेवते. 'लपलेलं दाखव' असं सांगतलं का दिसते. मी ती फाइल उचलून सिस्टिम बत्तीसमध्ये ठेवली. प्रोग्राम उघडला.

उघडला, पण मराठीच्या जागी सगळी कचरापट्टी. इंग्रजी अक्षरं, प्रश्नचिन्हं, एकावर एक चढलेली. पण एक लक्षात आलं का कचराही प्रत्येक वेळी सारखाच होता. म्हणजे मजकूर बरोबर होता, अक्षरांचा साचा नव्हता. त्या सपोर्ट फोल्डरातच एक फॉन्टही पडला होता. तोही नेऊन विंडोजच्या फॉन्टच्या खोलीत ठेवला, प्रोग्राम बंद करून परत उघडला, अन् पडद्यावर अक्षरं आली, 'नमस्कार, आपल्या कपाशीची अडचण सांगा.' मी त्याले उत्तर दिलं, मोठ्यानं. खोलीत कोणी नव्हतं.

पहिले जमनीले बोलावलं. तिले वाचता येत नाही, पण फोटो पाहता येतात. मी प्रश्न वाचत गेली, ती सांगत गेली. खोडावर कापसासारखं पांढरं? हो. मुंगळे सोबत? हो. बांधावरच्या गाजरगवतावरही तेच? तिनं माह्याकडे पाह्यलं अन् विचारलं, "हे याले कसं माहीत?"

उत्तर आलं, पिठ्या ढेकूण. सगळ्या वावरात फवारू नका, तेणं त्याले खाणारी चांगली किडंही मरतात. लागलेली झाडं उपटून जाळा, धुऱ्यावरचं गाजरगवत काढा, आठवड्यानं परत पाहा.

जमनीनं दुसऱ्याच दिवशी तांड्यातल्या नऊ बाया घेतल्या अन् पहिले आपल्या मंग एकेकीच्या वावराचा धुरा साफ केला. पंजाबरावनं आयकलं नाही. त्यायनं दुकानातून आणून पुऱ्या वावरावर फवारा मारला.

मी काय काय केलं ते अनुक्रमानं वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवलं आहे. तुले माहीतच असंल, पण तरी ठेव.

तुही आत्या

०

नागपूर
२२ ऑगस्ट २००७

आत्या,

जय भीम. तुले खोटं लिहलं. आता खरं लिहतो.

मी मुख्य तंत्रज्ञ नाही. पहिले सहा महिने मले दुरुस्तीच्या टेबलावर बसवलतं. जानेवारीत माह्या हातून एका गिऱ्हाइकाचा सगळा डेटा गेला. तेव्हापासून मी खोके पोचवतो, अन् उरलेल्या वेळात आलेल्या कम्प्युटरची धूळ काढतो. बाबाले सांगतलं नाही. तुले तर सांगूच शकत नव्हतो. तू मले कम्प्युटरचं शिकलेला माणूस म्हणते.

तुह्या त्या फाइलचं नाव मी दुरुस्तीच्या टेबलावरच्या लोकांले विचारलं. ते म्हणाले, खेड्यातल्या बाईले सांग कम्प्युटरवर पोळीचं फडकं टाकून ठेव. मले उत्तर माहीत नव्हतं, अन् माहीत नाही असं लिहाची हिंमत नव्हती. म्हणून गप राह्यलो. तू पोस्टमनची वाट पाहत होती हे वाचलं अन् मले जेवण गेलं नाही.

पुढं आयक. शनिवारी मी एका शाळेत खोके पोचवाले गेलो. तिथं ऑफिसच्या सगळ्या कम्प्युटरवर लिनक्स टाकलेलं, अन् शाळा सोडल्याचे दाखले काढाचा प्रोग्राम जुना, विंडोजचा. बाहेर पोरी मायबापाले घेऊन उभ्या, कॉलेजची शेवटची तारीख सोमवारची. आमच्या दुकानाचा माणूस सकाळीच सांगून गेलता का होत नाही. मी शाळेच्या मुख्याध्यापक बाईंले म्हटलं, मले एक तास द्या. तुहा कागद माह्या खिशात होता.

जानेवारीचं आठवलं, आत्या. डेटा जाईल म्हणून पहिले सगळ्याची एक कॉपी काढून ठेवली. मंग तुह्या कागदावरचं एकेक केलं. तिथं फाइल दुसरीच मागत होती, पण तू लिहलंच आहे का नाव अक्षरानं जुळव अन् सगळी कपाटं पाहा. ती जुन्या सीडीवर सापडली. अक्षरं तुह्यासारखीच कचरा आली. फॉन्ट टाकला. पावणेदोन तास लागले. पहिला दाखला छापून आला तवा बाहेरची एक पोरगी टाळ्या वाजवाले लागली.

सोमवारी मालकानं बोलावलं. शाळेतून फोन आलता. विचारलं, हे कुठं शिकला? मी म्हटलं, माह्या आत्यापासून. त्यानं विचारलं, त्या कोणत्या कंपनीत आहेत? मी म्हटलं, बोरीखेड्याच्या वाचनालयात. टेबलावरचे सगळे आयकत होते, म्हणून मी जरा मोठ्यानंच सांगतलं.

उद्यापासून मले परत टेबलावर बसवून राह्यले.

तुहा,
अश्वजित

०

बोरीखेडा
२४ सप्टेंबर २००७

प्रिय अश्वजित,

तुहं पत्र मी तीनदा वाचलं अन् मंग तुह्या बाबाले वाचून दाखवलं. खोक्याचंही वाचलं, लपवलं नाही. त्यानं ते पत्र माह्या हातातून घेऊन परत पाह्यलं. मंग म्हणाला, "पोट्ट्यानं पहिले कॉपी काढून ठेवली ना, मंग तो शिकला." अन् चहा न घेताच उठून गेला. त्या दिवशी गावात त्यानं किती जणांले सांगतलं ते मोजून सांगता येत नाही.

तू मुख्य तंत्रज्ञ नाही हे मले तुह्या पहिल्या दोन पत्रांतच समजलतं. तू खरं बोलते तवा घरातलं बोलते, अन् खोटं लिहते तवा पुस्तकातलं. 'नमूद करणे माझे कर्तव्य आहे' असं बाप्पा कोणी आपल्या आत्याले लिहते काय? पण तू सांगशील तवा सांगशील म्हणून मी गप राह्यली. माहीत नाही असं लिहाले लाजत नको जाऊ. मीही माहीत नसतानाच सुरुवात केलती.

इकडचं सांगतो. पोळ्याच्या चार दिवस पहिले पंजाबराव वाचनालयात आले. त्यायच्या वावरात पांढरं वाढलं होतं, फवाऱ्यानं चांगली किडं मेली अन् पिठ्या ढेकूण राह्यला. तांड्याकडचे धुरे साफ होते. तिथंही कीड आहे, काही झाडं गेली, सगळं वाचलं असं म्हणणार नाही. पण ती धुऱ्यावरच अडली, वावरात पसरली नाही. पंजाबराव आले तवा कम्प्युटरसमोर जमनी बसली होती. आता माऊस ती चालवते अन् तिची पोरगी शेजारी बसून प्रश्न वाचते. समोर चार बाया नंबर लावून. पंजाबराव मागं उभे राह्यले. मी खुर्ची द्याले गेली तर म्हणाले, "राहू द्या, माहा नंबर आला का बसतो." सहा फुटांचा माणूस, हातात पऱ्हाटीची फांदी घेऊन अर्धा तास उभा होता. मंग जमनीनं त्यायची फांदी हातात घेतली, उलटीसुलटी पाह्यली अन् एकेक प्रश्न विचारला. मी त्या वेळी कपाटाकडं तोंड करून पुस्तकं लावत होती, कारण मले तोंड लपवाचं होतं. माह्या चौदा वर्षांत असा दिवस आला नव्हता.

कम्प्युटर ग्रामपंचायतीत नेण्याची गोष्ट पोळ्याले कोणी काढली नाही.

मंग कृषी महाविद्यालयातून प्रेरणा गावंडे म्हणून एक मॅडम आल्या. ती सीडी त्यायनंच बनवली. कोणीतरी त्यायले सांगतलं होतं का बोरीखेड्यात तांड्यातल्या बाया ती चालवतात. त्या कम्प्युटरसमोर बसल्या, खाली लिनक्सचं नाव पाह्यलं अन् मले म्हणाल्या, "हे इथं चालू शकते हे मलाच माहीत नव्हतं." जिल्ह्यात ट्रस्टचे असे एकवीस कम्प्युटर आहेत, अन् त्या सगळ्या गावांत ही सीडी कपाटात पडून आहे. मी त्यायले सांगतलं का तुमची फाइल चुकीच्या कपाटात होती. त्यायनं ते वहीत लिहून घेतलं.

त्यायच्या सांगण्यावरून मी तो अनुक्रमाचा कागद नीट लिहून दिला. तू शाळेत केलं ते, पहिले कॉपी काढून ठेवा, हे मी सगळ्यात वर टाकलं, अन् त्या ओळीपाशी कंसात तुहं नाव लिहलं. मॅडमनं तो छापून एकवीसही वाचनालयांले पाठवला. खाली माहं नाव अन् पत्ता आहे, अडचण आली तर लिहा म्हणून.

त्याचं पहिलं पत्र काल आलं, केळापूर तालुक्यातून. वरतं लिहलं आहे, 'मा. श्री. विमल खोब्रागडे, संगणक अभियंता, यांस'. खाली त्यायच्या पडद्यावर काय दिसते ते अक्षर न् अक्षर उतरवलं आहे. त्यायले फॉन्टचीच अडचण आहे.

मी आज सकाळी त्यायले उत्तर टाकलं. पहिले फॉन्ट कुठं ठेवाचा ते सांगतलं अन् शेवटी लिहलं, 'आपल्या पत्रात दोन चुका आहेत. मी श्री. नाही आणि अभियंताही नाही. आपला प्रोग्राम मात्र चालेल, याची खात्री मी देते.'

तुही आत्या,
विमल